एका देहाला एकदाच लाकूड

आमच्या आळीत कोणी देह ठेवला की रडण्याचा आवाज कुंपणापलीकडे पोचण्याआधी घराघरांतून एकेक फोडलेले लाकूड बाहेर पडते. कोणाला बोलावणे पाठवावे लागत नाही. चितेच्या लाकडांसाठी आळीने बांधलेल्या मंडळाला आमच्याकडे सिंगलुप म्हणतात, आणि त्या मंडळाचा धाक कचेरीच्या धाकाहून मोठा आहे. ज्याच्या चितेवर आळीची लाकडे पडली तो आळीचा माणूस. ज्याच्यासाठी ती निघाली नाहीत त्याचे जगणेही मागाहून संशयात सापडते. बायकांच्या भांडणात सर्वांत जहरी वाक्य हेच असते, की मेलीस तर लाकूड मिळायचं नाही तुला.

मी या आळीचा ब्राह्मण. पोथ्या गाठोड्यात बांधून पश्चिमेकडून इंफाळच्या या खोऱ्यात उतरलेल्या पूर्वजांपासून नामकरण, विवाह, श्राद्ध आणि देवळापुढच्या मंडपातील उत्सवाचा स्वयंपाक ही कामे आमच्या घराण्याकडे चालत आली. लोक मला ऐग्या म्हणतात. ब्राह्मणाला मारायची ती आमच्याकडची हाक. राधापियारीच्या मुलाचे नाव कुंजकिशोर मीच ठेवले, त्याच्या गळ्यात जानवे मी घातले, थंबालशी त्याचे लग्न मी लावले आणि त्याचे दहनही माझ्याच हातून झाले. ही हकीकत त्या दहनानंतरची आहे.

त्या काळी गर्द सीमेपलीकडून येई आणि मिठाइतक्या सहजतेने मिळे. ज्या घरातला एकही मुलगा सुईच्या नादी लागला नव्हता असे घर खोऱ्यात विरळा. कुंजकिशोर लागला तेव्हा त्याची मुलगी लिंथोई पाळण्यात होती. राधापियारीने त्याला खोलीत कोंडून पाहिले. आळीच्या पोरांनी त्याला झाडाला बांधून मारले, तेही तिने ओठ मिटून पाहिले. शेवटी ती स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेली आणि माझ्या मुलाला तुरुंगात ठेवा म्हणून हात जोडून आली. पुष्कळ आया तेव्हा तसे करीत. तुरुंगाची भिंत सुईला अडवील अशी त्यांची भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात आत एकच सुई साऱ्या बराकीत फिरत असे.

सुटल्यावर तो घरी आला नाही. सीमेवरच्या मोरेह गावी तो हमाली करतो असे कानावर येई. मग एके वर्षी घाटात एक ट्रक जळाला. आतल्या माणसांची ओळख पटण्याजोगे काही उरले नव्हते. पण कुंजकिशोरचे जॅकेट घातलेला माणूस त्या ट्रकवर चढताना आमच्याच गावच्या एका व्यापाऱ्याने पाहिला होता. राधापियारीने पुष्कळ दिवस वाट पाहिली. अखेर वडीलधारे बसले आणि शास्त्रात अशा प्रसंगी जे सांगितले आहे तेच करावे असे ठरले. देह सापडत नसेल तर पळसाच्या देठांचा देह करावा, मस्तकाच्या जागी नारळ ठेवावा आणि त्याला अग्नी द्यावा. मी तो देह बांधला. सिंगलुपचे प्रमुख गौरमणी यांनी पहिले लाकूड ठेवले आणि मागोमाग साऱ्या आळीने ठेवले. थंबालने बांगड्या उतरवल्या, पट्ट्यांचे रंगीत वस्त्र सोडून फिके वस्त्र धरले.

आणि मग जे घडले ते मी डोळ्यांनी पाहिले म्हणूनच लिहितो. ते घर पुन्हा घर झाले. गर्दुल्ल्याच्या घराकडे पाठ फिरवणारे लोक मृताच्या घरी मात्र सांत्वनाला आले. मंडपातील पंगतीत राधापियारीला पुन्हा जागा मिळाली. बायकांच्या मोठ्या बाजारात तिची कापडाची बैठक होती. गुडघे गेले म्हणून ती तिने रीतीप्रमाणे सुनेला दिली, आणि थंबाल आपल्या मागावर विणलेली वस्त्रे तिथे बसून विकू लागली. लिंथोई शाळेत जाऊ लागली. मंडपात रास व्हायचा होता, त्यात नाचणाऱ्या लहान मुलींमध्ये गुरूंनी तिला निवडले. मेलेल्या बापाची मुलगी म्हणून तिच्याकडे सगळे मायेने पाहत.

हिवाळ्याच्या तोंडावर एका दुपारी चाओबी सायकलरिक्षा घेऊन राधापियारीच्या फाटकाशी आली.

चाओबीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तिचा नवरा सुईने गेला आणि जाताना एचआयव्ही तिला देऊन गेला. सासरने दार लावले, आमच्याच आळीतल्या माहेरने उघडले नाही. तशाच दार लागलेल्या आणखी काही विधवांना गोळा करून तिने सरकारी इस्पितळाजवळ दोन खोल्या घेतल्या होत्या. ज्यांच्या घरून कोणी येत नाही अशा रुग्णांना या बायका पेज भरवीत, त्यांची अंगे पुसत, दाढी करीत. चाओबीच्या जिभेला मात्र हाड नव्हते.

रिक्षात शालीखाली कोणी तरी पडले होते. राधापियारी बाहेर आली.

"काकू, तुमचा मुलगा आणलाय," चाओबी म्हणाली. "जरा वापरून जुना झालाय, पण आहे तुमचाच. इस्पितळाच्या वऱ्हांड्यात, संडासाच्या दाराशी पडला होता. अंग पुसताना हनुवटीखालचा व्रण दिसला म्हणून ओळखला. आमच्या झाडाच्या पेरूंपायी पडला होता ना लहानपणी?"

राधापियारीने शाल उचलली, पाहिले, आणि शेजारच्या कुंपणावरून माना वर येण्याच्या आत त्याला दोन्ही हातांनी उचलून आत नेले. ती म्हातारी, गुडघे गेलेली. पण उचलावे असे त्याच्या अंगात काही राहिलेच नव्हते.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणे आले. अंगणाकडची खोली, खाली चटई, तिच्यावर तो. मी दारात उभा राहिलो तेव्हा त्याचे डोळे तेवढे हलले.

"ऐग्या, तुम्ही मला जाळलंत म्हणे," तो म्हणाला. "नीट जळलो नाही वाटतं."

हसताना त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. मग तुकड्यातुकड्यांनी त्याने सांगितले. जॅकेट त्याने एका पुडीपायी दुसऱ्या हमालाला दिले होते. ट्रकवर चढला तो हमाल. त्याचे नाव काय होते हे कुंजकिशोरला ठाऊक नव्हते. आपले दहन झाल्याचे त्याला पुढे कळले, तेव्हा परतायचे नाही असे त्याने ठरवले. पण इस्पितळात शुद्ध हरपली आणि चाओबीने विचारायचे सोडून उचलले.

राधापियारी मला बाहेर घेऊन आली आणि खालच्या आवाजात बोलू लागली. तिचा प्रश्न एकच होता. तो आता फार दिवसांचा सोबती नाही हे तिला दिसत होते. पण तो गेला म्हणजे त्याला लाकूड मिळेल ना? मुलगा जगावा ही आशा तिने केव्हाच सोडली होती. तो आळीचा होऊन मरावा, एवढेच तिला हवे होते.

मी गौरमणींकडे गेलो. ते कठोर मनाचे गृहस्थ नव्हते. मंडपात आळीचे पाचसहा जण बसले होते, त्यांच्यासमोर त्यांनी शांतपणे सांगितले, की सिंगलुपचा नियम एका देहाला एकदाच लाकूड असा आहे आणि कुंजकिशोरला ते मिळून चुकले आहे. मेलेला माणूस घरात ठेवणाऱ्या कुटुंबाला पंगतीत कसे बसवायचे, हाही प्रश्न आहे. बाकीच्यांच्या मनात नियमापेक्षा भय अधिक होते. धुरातून तो आजार पसरतो असे एकजण म्हणाला. खांदा दिला तर घामातून लागतो असे दुसरा.

चाओबी माझ्यामागोमाग आली होती. बायकांनी तिथे बोलायची रीत नाही, पण ती रीत तिने पुष्कळ दिवसांपूर्वी मोडली होती.

"गौरमणीकाका, तुमचा थोरला काविळीने गेला असं सांगता ना?" ती म्हणाली. "त्याला मीच आंघोळ घालत होते. तसली कावीळ यालाही झालीय. तेव्हा धूर नाही लागला कोणाला."

मंडपात कोणी मान वर केली नाही. गौरमणींनी खांबाकडे पाहत मला विचारले, "ऐग्या, जाळलेला माणूस परत आला तर शास्त्र काय म्हणतं?"

शास्त्र म्हणते ते मी सांगितले. जिवंत असताना ज्याचे प्रेतकार्य झाले त्याने तुपाच्या कुंभात स्नान करून पुन्हा जन्म घ्यावा. त्याचे जातकर्म व्हावे, नामकरण व्हावे, मुंज व्हावी, आणि आपल्याच पत्नीशी त्याने पुन्हा विवाह करावा. मग तो जिवंतांत गणला जातो.

"तर मग होऊ दे तसं," गौरमणी म्हणाले. "पण सगळं. अर्धा जन्मलेला माणूस आळीला नको. लग्न लागलं, त्याची बायको पुन्हा त्याची बायको झाली, म्हणजे त्याला नवं लाकूड. सिंगलुप नाही म्हणणार नाही."

मला वाटते, त्यांनी अडवण्यासाठी हे मागितले नव्हते. नियमाला एक दार सापडले तर ते पुरते उघडावे, अशा स्वभावाचे ते होते. मी ते उत्तर घेऊन परतलो तेव्हा राधापियारीचा चेहरा कित्येक वर्षांनी उजळलेला मी पाहिला. तूप कुठून आणायचे, मुहूर्त कोणता, हे ती विचारू लागली. थंबाल अंगणात मागावर बसली होती. तिने धोटा बाजूला ठेवला.

"लग्न लागणार नाही," ती म्हणाली.

राधापियारीला आधी ते खरे वाटले नाही. तिने समजावले, की हा नुसता विधी आहे, त्याला उठून बसताही येत नाही, तुझ्या अंगाला त्याचा हात लागणार नाही. थंबालने सर्व ऐकून घेतले. तिने सांगितले, की त्याला भरवीन, धुईन, त्याच्या उशाशी बसेन. चाओबीने सगळे शिकवले आहे आणि तेवढ्याने आजार लागत नाही हेही ठाऊक आहे. इस्पितळात तिची आणि मुलीची तपासणी झाली होती. दोघींत काही नव्हते.

"पण हे कोणाला सांगू मी?" ती म्हणाली. "बाजारात कागद दाखवत फिरू? आज मी ट्रकात जळालेल्याची विधवा आहे. उद्या त्या आजाराची बायको होईन. माझ्या हातचं कापड कोण अंगाला लावेल? लिंथोईला रासात कोण उभं करेल? तिचा हात धरायचा म्हटला की दुसऱ्या पोरींच्या आया त्यांना ओढून नेतील. आणि तो गेला की मी पुन्हा बांगड्या उतरवायच्या. एकाच माणसासाठी किती वेळा?"

"नवरा आहे तो तुझा."

"होता. तुम्हीच रडलात ना माझ्या गळ्यात पडून?"

राधापियारीच्या तोंडून मग जे निघाले ते तिच्या आयुष्यभराच्या सौजन्याला शोभणारे नव्हते. "बाजारातली बैठक मी सुनेला दिलीय," ती म्हणाली. "कोणा परक्या बाईला नाही. सून नसशील तर ऊठ तिथून. भाजी विक रस्त्यावर बसून."

पण थंबाल उठली नाही. तिने धोटा पुन्हा हातात घेतला आणि विणू लागली. विवाहाविना बाकीचे संस्कार करून चालतील का, हे मी मनात ताडून पाहत होतो; पण गौरमणींचे शब्द स्पष्ट होते आणि अर्ध्या जन्माला लाकूड नव्हते.

आतून भिंतीवर बोटांनी टकटक झाली. मी आणि राधापियारी आत गेलो. मधे बांबूची भिंत. त्याने सारे ऐकले होते.

"इमा, मला जन्म नको," तो म्हणाला. आईला आमच्याकडे इमा म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना लहानपणी करी तशी त्याने मान कलती केली.

राधापियारीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याने तो हळूच बाजूला केला.

"ऐक. जन्मभर मी या घरातून नेतच गेलो. भांडी नेली, तुझी सोन्याची फुलं नेली, हिचा माग विकायला काढला होता. या पोरीला मी एकच गोष्ट दिली, तीही नकळत. मेलो. मेलो म्हणून ती शाळेत जाते. आता तेवढंही परत घेऊ का?"

"तुला कोल्हे ओढतील रे नदीकाठी. लाकूड नाही मिळायचं."

"एकदा मिळालंय ना. कोणाच्या बापाने दिलं नव्हतं एवढं दिलंय आळीने. तो हमाल बिचारा माझ्या नावावर जळला, त्याला कोणी विचारलं का?" मग तो माझ्याकडे वळला. "ऐग्या, तुम्ही सांगा त्यांना. राधापियारीच्या घरी कोणी परका आजारी पडलाय. चाओबीने आणून टाकलाय. तेवढंच सांगा."

आईने मान हलवली. नाही म्हणून, की ऐकवत नाही म्हणून, ते मला कळले नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तशीच बसून राहिली.

त्याच दिवशी मी मंडपात जाऊन गौरमणींना सांगितले, की त्या घरी एक निराधार रुग्ण आश्रयाला आहे आणि त्याचे नावगोत्र आपल्याला ठाऊक नाही. मी असत्य बोललो असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. कुंजकिशोर नावाचा मनुष्य शास्त्रदृष्ट्या अग्नीत गेला होता. चटईवर जो होता त्याचे नाव मी अजून ठेवले नव्हते.

गौरमणींनी माझ्याकडे रोखून पाहिले. मग म्हणाले, "परका असेल तर आळीला विटाळ नाही आणि त्या घराला सुतकही नाही. पण ऐग्या, उद्या तो गेल्यावर त्या घरात सुतक पाळलेलं दिसलं, तर तो परका नव्हता असं होईल. मग आळी तिच्या मनाला येईल ते समजेल. मला थांबवता यायचं नाही."

हे मी जसेच्या तसे राधापियारीच्या कानावर घातले. बाजारातल्या बैठकीचा विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि थंबाल दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी टोपली घेऊन बाजारात गेली.

त्यानंतरचे दिवस चाओबीच्या बायकांनी वाटून घेतले. रोज दोघी येत, त्याच्या तोंडात आलेली बुरशी मिठाच्या पाण्याने पुसत, पाठीवरच्या जखमांना मलम लावत, ओली चटई धुऊन उन्हात टाकत. त्या एकमेकींची आणि त्याची यथेच्छ थट्टा करीत. एकीने त्याची दाढी करताना म्हटलेले मला आठवते, की एवढा देखणा होतास तर आधी आमच्या आळीत का आला नाहीस, मी तुला सुईऐवजी केरसुणी दिली असती हातात. तो हसे. आळीतले पुरुष फाटकावरून जाताना पाऊल लांब टाकीत. काही घरच्या बायका मात्र दुपारी मागच्या कुंपणावरून कण्या, आल्याचा तुकडा, जुने मऊ कापड चाओबीच्या हाती देत. कोणासाठी ते विचारीत नसत, आणि ती सांगत नसे.

थंबालने आपला माग त्याच्या खोलीच्या भिंतीला लागून मांडला होता, तो तिथेच ठेवला. ती त्याच्याशी फारसे बोलत नसे. बाजारातून आल्यावर विणायला बसे आणि भिंतीपलीकडून तो ठोके ऐकत पडे. लिंथोईने आजीला एकदा विचारले, की आतला माणूस कोण. आजीच्या आधी थंबालच म्हणाली, "आजारी आहे बिचारा. त्याला कोणी नाही." मुलगी अंगणात रासाची पावले गिरवत असे. बांबूच्या भिंतीत एक फट होती. चाओबीने त्याचे डोके त्या बाजूला वळवून उशी ठेवली होती.

हिवाळा भरात असताना एका सकाळी तो गेला. पेजेची वाटी घेऊन गेलेल्या बाईने बाहेर येऊन नुसती मान हलवली. राधापियारी आत गेली, दार लोटून घेतले. रडण्याचा आवाज आला नाही. काही वेळाने ती बाहेर आली तेव्हा पदराचे टोक तिने दातांत धरलेले होते आणि ते तिने फार वेळ सोडले नाही.

थंबालने टोपली भरली. बैठक रिकामी दिसली असती तर शेजारणींनी विचारले असते. ती त्या दारापर्यंत गेली, उंबऱ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि बाजारात निघून गेली. लिंथोई शाळेत गेली.

आळीतून लाकूड निघाले नाही. चाओबीच्या विधवा आपापल्या चुलीपाशी ठेवलेली लाकडे घेऊन आल्या. कोणाकडे जाड ओंडका होता, कोणाकडे बांबूची मोळी. एकीने मोडक्या बाजेचे पाय आणले. हातगाडीवर देह आणि लाकडे एकत्र रचून त्या बायकांनी ती आळीच्या स्मशानाला वळसा घालून नदीच्या खालच्या अंगाला नेली. पुरुष म्हणून मी एकटा होतो. निराधार प्रेताचा संस्कार करणाऱ्याला पावलोपावली यज्ञाचे फळ मिळते असे वचन आहे. ते मी चालताना मनात घोकत होतो. राधापियारी सर्वांच्या मागे, दहाबारा हात सोडून, परक्याला सोबत करणाऱ्या म्हातारीसारखी येत होती.

मंत्रात मृताचे नाव आणि गोत्र यावे लागते. ज्याचे गोत्र कोणालाच ठाऊक नाही त्याला काश्यप म्हणावे असा नियम आहे. राधापियारी नदीकडे तोंड करून उभी होती. मी नावाच्या जागी थांबलो. क्षणभर वाटले, ती वळेल आणि तिच्या मुलाचे नाव मोठ्याने घेईल. बायकाही तिच्याकडेच पाहत होत्या. ती वळली नाही. मी नावाशिवाय, काश्यप गोत्र उच्चारून, मंत्र पुरा केला आणि अग्नी दिला. लाकडे ओली होती, कमी होती. बायकांना पुष्कळ वेळ फुंकावे लागले.

दुपार कलल्यावर मी राधापियारीच्या घरी गेलो. मनातल्या मनात, कोणाला न दिसेल असे काही पाळता येईल का, हे तिला सांगावे असा माझा हेतू होता. थंबाल बाजारातून लवकर परतली होती. मुलगी शाळेतून आली होती. चाओबी चुलीशी उकिडवी बसली होती आणि तिच्यापुढे केळीच्या पानावर मासे होते.

आमच्याकडे विधवाही मासे खाते. सोडते ती फक्त सुतकात. ज्या घरातून माशाचा वास येतो तिथे कोणी गेलेले नाही, हे आळीतले पोरही जाणते.

"मीच आणले," चाओबी मला म्हणाली. तिची नेहमीची धार आवाजात नव्हती. "वाईट वाटतंय, पण आज सगळ्यांची नाकं याच घराकडे आहेत, ऐग्या."

थंबालने कढई चुलीवर ठेवली, तेल ओतले, मासा उचलला, आणि तिचा हात तसाच राहिला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मासा तिच्या हातून पानावर पडला.

राधापियारी पायरीवर बसली होती. स्नान करून आलेली, केस ओले. ती उठली, सुनेच्या खांद्याला धरून तिला बाजूला केले. कढई दोन्ही हातांनी उचलून तिने अंगणातल्या चुलीवर आणली, जिथून वारा गल्लीकडे जातो, आणि स्वतः पाटावर बसली. मोहरीचे तेल तापले. तिने एकेक मासा सोडला.

वास कुंपणापलीकडे गेला. शेजारच्या अंगणातला बोलण्याचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने गौरमणी गल्लीतून आले आणि फाटकापाशी थांबले. ते सहज आले नव्हते आणि तसे त्यांनी भासवलेही नाही.

"आज मासे वाटतं?" त्यांनी विचारले.

"हो," राधापियारी म्हणाली. "पोरीला रासात उभं राहायचंय. अंगात बळ नको?"

तिने लिंथोईच्या पानात एक तुकडा वाढला, काटे काढून दिले. मुलीला भूक लागली होती. ती मन लावून खाऊ लागली. गौरमणी अजून उभे होते. त्यांच्या मागे गल्लीत आणखी दोघेतिघे थबकले होते. राधापियारीने वर पाहिले. मग कढईतला दुसरा तुकडा तिने उचलला, फुंकर न घालता तोंडात घातला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाहत चावू लागली.

आधी गौरमणींनी मान खाली घातली. ते चालू लागल्यावर मागचेही पांगले. गल्ली रिकामी झाली तरी राधापियारी चावतच होती. तो घास तिला गिळता येत नव्हता.